वाचकांचे प्रश्न : उपग्रहाला आपल्या गच्चीवरचा ओझोन दिसतो का?

मागील अंकात उन्हाळ्यातील हवेवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर बडोद्याहून आलेली बहुतेक पत्रे ओझोनविषयीच आहेत. त्यांतील चार प्रश्न निवडून, थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह खाली देत आहोत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना सांगत आले की, ओझोनचा थर जमिनीपासून पंचवीसेक किलोमीटरवर असतो आणि तो आपले रक्षण करतो. आता नातवाच्या फोनवरील हवेच्या नकाशात मे महिन्याच्या दुपारी बडोद्यावर नारिंगी डाग दिसतो. त्याखाली 'ओझोन' असे लिहिलेले असते आणि बारीक अक्षरांत 'उपग्रहाच्या माहितीवर आधारित' असेही. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला तो सगळा थर ओलांडून आमच्या गच्चीवरचा ओझोन कसा दिसतो? की वरचाच ओझोन खालचा म्हणून दाखवला जातो? (एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार)

उत्तर : आपली शेवटची शंका निराधार नाही. या क्षेत्रातील शास्त्रज्ञांची गेल्या चार दशकांतील बरीच मेहनत तिच्याच निरसनासाठी खर्ची पडली आहे.

प्रथम प्रमाण पाहू. वातावरणातील एकूण ओझोनपैकी सुमारे ९० टक्के स्थितांबरात, म्हणजे आपण सांगता तो थर ज्यात आहे त्या वरच्या वातावरणात, असतो आणि आपण ज्यात राहतो त्या तपांबरात उरलेला सुमारे १० टक्के. एखाद्या ठिकाणच्या माथ्यावरचा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याचा जेवढा जाड थर होईल त्यावरून तो मोजण्याची रीत आहे, आणि अशा थराच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला एक डॉबसन एकक म्हणतात. ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉबसन यांनी १९२०च्या दशकात जे ओझोनमापक बनवले, त्याच जातीच्या उपकरणांशी आजही उपग्रहांचे आकडे ताडून पाहिले जातात. जगाची सरासरी ३०० एककांच्या आसपास, म्हणजे अवघी तीन मिलिमीटर आहे. आपल्या अक्षांशावर ती त्याहून थोडी कमी असते. हिशेबासाठी २७० धरू. त्यांपैकी तपांबराचा वाटा ३५ एककांच्या आसपास समजा, आणि हे तपांबर आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटर उंचीपर्यंत जाते हेही लक्षात असू द्या.

आता श्वासाशी ज्याचा संबंध येतो तो जमिनीलगतचा एक किलोमीटरचा थर घ्या. २००९ च्या भारतीय मानकानुसार ओझोनच्या आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादेला टेकलेली हवा एक किलोमीटर उंचीपर्यंत सारखी भरली आहे असे मानले, तरी तिच्यातला सगळा ओझोन मिळून पुरती पावणेपाच एककेही होत नाहीत. ६० मायक्रोग्रॅमची बरी हवा आणि १४० मायक्रोग्रॅमची त्रासदायक हवा यांच्यातला फरक उपग्रहाच्या लेखी जेमतेम पावणेचार एककांचा, म्हणजे २७० पैकी दीड टक्क्याहूनही कमी आहे. सगळी अडचण या एका आकड्यात आहे.

उपग्रहावरचा वर्णपटमापक, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा उजेड वेगवेगळा मोजणारे उपकरण, खाली तोंड करून, हवेने आणि जमिनीने परत फेकलेला सूर्यप्रकाश पाहतो. ओझोन अतिनील प्रकाश शोषतो, पण सगळ्या तरंगलांब्या सारख्या प्रमाणात शोषत नाही. ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण वरच्या थरातच जवळजवळ संपतात. ३१० ते ३४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषण भराभर कमी होत जाते आणि तरंगलांबी वाढेल तसा प्रकाश अधिक खोल उतरून माघारी येतो. म्हणून शेजारशेजारच्या तरंगलांब्यांवरील उजेडाची तुलना केली की एकूण ओझोन फार चांगला कळतो आणि उंचीनुसार त्याची वाटणी कशी आहे याचाही काही अंदाज येतो. मात्र याच अतिनील प्रकाशाला हवेचे रेणू जोरात विखुरतात. आकाश निळे दिसण्याचे कारणही हेच विखुरणे आहे. परिणाम असा होतो की, उपग्रहापर्यंत परतलेल्या प्रकाशातला बराचसा भाग खालच्या दोन-तीन किलोमीटरांत शिरण्याआधीच मागे वळलेला असतो. तिथल्या ओझोनची खूण प्रकाशात असते, पण ती फार फिकी असते.

यावर पहिला मोठा तोडगा निघाला तो वजाबाकीचा. १९७८ मध्ये निंबस-७ या उपग्रहावर गेलेले टॉम्स नावाचे उपकरण एकूण ओझोन मोजत असे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नासाचे जॅक फिशमन आणि त्यांचे सहकारी यांनी त्या आकड्यातून, सेज या दुसऱ्या उपकरणाने मोजलेला स्थितांबरातील ओझोन वजा केला; जे उरले ते तपांबरातले. या पद्धतीने काढलेल्या नकाशांत आफ्रिकेच्या पश्चिमेला दक्षिण अटलांटिकवर, जिथे ना शहर ना कारखाना, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ओझोन वाढलेला दिसला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत गवताळ राने व जंगले जाळली जातात, त्यांच्या धुराचा तो परिणाम होता. पुढे २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावर दोन्ही कामांची उपकरणे एकत्र बसवण्यात आली. ओएमआय हे उपकरण सरळ खाली पाहून एकूण ओझोन मोजू लागले, तर एमएलएस हे वातावरणाच्या कडेकडे आडवे पाहून, सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने, स्थितांबरातील थर सुटे सुटे मोजू लागले.

ही वजाबाकी महामार्गावरच्या वजनकाट्यासारखी आहे. भरलेला ट्रक २७ टनांचा, त्यातला माल साडेतीन टनांचा, आणि आपल्याला हवे आहे ते त्या मालातल्या ४७० किलोंच्या एका गठ्ठ्याचे वजन. काटा मात्र टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होणारा, म्हणजे चूक २७० किलोंपासून सव्वापाचशे किलोंच्या पुढेही जाऊ शकणारी. एवढ्या काट्यावर मालाचे वजन बऱ्यापैकी निघेल. गठ्ठ्याचे निघाले असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे पावती मागावी.

शिवाय वजाबाकीनंतर हाती येतो तो संपूर्ण तपांबराचा ओझोन. त्यातला दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा भाग विजांच्या कडकडाटानंतर तयार झालेल्या नायट्रोजन ऑक्साइडांतून आलेला असू शकतो, दूर देशांतून वाऱ्याबरोबर आलेला असू शकतो किंवा स्थितांबरातून खाली उतरलेलाही असू शकतो. तपांबरात ओझोन सरासरीने तीनेक आठवडे टिकतो आणि तेवढ्या काळात वरचे वारे त्याला एका खंडावरून दुसऱ्या खंडावर सहज नेतात. त्यामुळे नकाशावर माथ्यावरचा स्तंभ भरलेला दिसला म्हणजे गच्चीवरची हवा वाईट आहे असे होत नाही, आणि तो रिता दिसला म्हणजे ती चांगली आहे असेही होत नाही.

दुसरा मार्ग प्रकाशाचा थेट उलगडा करण्याचा. यात संगणकाला आधी ओझोनची उंचीनुसार एक सर्वसाधारण वाटणी दिली जाते, जी फुगे सोडून वर्षानुवर्षे जमवलेल्या मोजण्यांवरून ठरवलेली असते. ती वाटणी खरी असती तर उपग्रहाला कसा प्रकाश दिसला असता हे संगणक काढतो, ते प्रत्यक्ष दिसलेल्या प्रकाशाशी ताडतो आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत वाटणीत फेरफार करत जातो. ज्या उंचीची खूण प्रकाशात ठळक असते तिथले उत्तर खरोखर मोजणीचे असते. जिथे खूण फिकी असते तिथे संगणक सुरुवातीला दिलेले गृहीतकच थोड्याफार फरकाने परत करतो. हे लपवलेले नसते. मूळ माहितीत प्रत्येक आकड्यासोबत, त्यात कोणत्या उंचीचा किती वाटा आहे आणि गृहीतकाचा किती, याचा तक्ता जोडलेला असतो. रंगीत नकाशा तयार होताना तो तक्ता गळून पडतो, आणि माझ्या मते गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

अतिनील प्रकाशाला जोड म्हणून अवरक्त किरणांचाही उपयोग होतो. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेतला ९.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा पट्टा ओझोन शोषतो. मात्र जमीन आणि तिच्या लगतची हवा एकाच तापमानाची असतील, तर त्या हवेने जेवढे शोषले तेवढेच परत उत्सर्जित केले असे होऊन काहीच उमटत नाही. मेच्या दुपारी डांबर आणि गच्चीची फरशी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात, तेव्हा खालचा ओझोन जरा उठून दिसतो. २००६ पासून मेटऑप मालिकेतील उपग्रहांवर असलेले आयएएसआय हे उपकरण याच पट्ट्यात पाहते. पण ते सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास डोक्यावरून जात असल्याने आपल्या दुपारच्या तापलेल्या फरशीचा लाभ त्याला मिळत नाही. अतिनील आणि अवरक्त या दोहोंचा उलगडा एकत्र केल्यास खालच्या दोन-तीन किलोमीटरांतील ओझोनची जाण सुधारते, आणि सध्या सर्वांत आशादायक वाट तीच दिसते.

मग फोनवरचा नारिंगी डाग कोणाचा? बहुतेक वेळा तो संगणकीय प्रारूपाचा असतो. उदाहरणार्थ, युरोपच्या कोपर्निकस सेवेचे जागतिक प्रारूप वारा, ऊन, ढग आणि उत्सर्जनाचे अंदाज घेऊन हवेतील रासायनिक क्रियांचा हिशेब चालवते, आणि उपग्रहांच्या मोजण्यांशी पडताळून तो हिशेब दुरुस्त करत राहते. 'उपग्रहाच्या माहितीवर आधारित' हे शब्द खोटे नाहीत. पण जमिनीलगतचा आकडा उपग्रहाने पाहिलेला नसून प्रारूपाने मांडलेला असतो. वरचा ओझोन खालचा म्हणून दाखवला जात नाही. वरच्याच्या मोजणीतली चूक खालच्या आकड्यात मिसळण्याला मात्र वाव राहतो.

प्रश्न : आमचे घर मकरपुऱ्याला भर रहदारीच्या रस्त्यावर आहे. डभोईजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यांकडे मात्र त्याच ॲपमध्ये ओझोनचा आकडा आमच्यापेक्षा जास्त दिसतो. ते थट्टेने म्हणतात, "भाऊजी, हवा खायला आता आम्हीच शहरात येतो." ही ॲपची चूक समजावी का? (एक वाचक, मकरपुरा)

उत्तर : कल चुकीचा नाही. ओझोन कोणत्याही धुराड्यातून किंवा गाडीच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही. तो उन्हात तयार होतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू उन्हाने फुटला की त्यातला ऑक्सिजनचा सुटा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. फुटीनंतर उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन पुन्हा खाऊन टाकतो, आणि दोन्ही बाजू तशा बरोबरीत राहतात. पेट्रोल, रंग, रसायने, रिफायनरी किंवा झाडे यांतून निघणारी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे या फेऱ्यात शिरली, की ती नायट्रिक ऑक्साइडचे ओझोनला न खाता डायऑक्साइडमध्ये रूपांतर करवून घेतात, आणि मग ओझोन साचू लागतो. भर रस्त्यावर ताजा नायट्रिक ऑक्साइड सतत ओतला जात असल्याने तिथला ओझोन खाल्ला जातो. तीच हवा वाऱ्याबरोबर दोन-तीन तासांनी गावाबाहेर पोहोचते, तेव्हा खाणारा संपलेला असतो आणि बनवणारे शिल्लक असतात. रात्रीही शहरातल्या ओझोनचे प्रमाण खेड्यापेक्षा जास्त घटते, त्याचे कारण हेच. म्हणून शहरच बरे असे मात्र नव्हे. ओझोन कमी असलेल्या आपल्या रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे आणि धूर जास्त असतात.

आकड्यावर मात्र फार विसंबू नये. वर उल्लेखिलेल्या जागतिक प्रारूपाचा एक चौकोन सुमारे ४० किलोमीटरांचा असतो. मकरपुरा आणि डभोई त्यात एकाच चौकोनात किंवा फार तर शेजारच्या दोन चौकोनांत पडतात, आणि दोन्हींकडे दिसणारा बारीक फरक बऱ्याचदा ॲपने मधले आकडे भरून काढल्याचा असतो.

या बाबतीत उपग्रह खरी मदत करतात ती ओझोनच्या कच्च्या मालाची मोजणी करून. नायट्रोजन डायऑक्साइड ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे दृश्य निळा-जांभळा प्रकाश शोषतो. तो प्रकाश जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतो आणि शहरांवरील या वायूचा मोठा भाग खालच्या थरातच असतो, त्यामुळे त्याची खूण स्पष्ट मिळते. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जाते आणि त्याचा एक ठिपका सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरांचा असतो. म्हणजे कोयली-नंदेसरीचा कारखान्यांचा पट्टा आणि शहर हे त्याला वेगळे ओळखता येतात. सेंद्रिय संयुगांची खूण म्हणून ते फॉर्माल्डिहाइड मोजते. या दोहोंचे गुणोत्तर पाहून, एखाद्या भागात ओझोन कमी करायचा तर नायट्रोजन ऑक्साइडे आवरावीत की सेंद्रिय संयुगे, याचा अंदाज बांधता येतो. ओझोनच्या नकाशापेक्षा हा नकाशा नगरपालिकेच्या जास्त कामाचा आहे असे मला वाटते.

प्रश्न : पावसाळ्यात आभाळ झाकलेले असते. मग जून ते सप्टेंबर तपांबरातील ओझोनची मोजणी बंदच राहते का? (एक विद्यार्थी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ)

उत्तर : ढगाखालचा ओझोन अतिनील प्रकाशात दिसत नाही, हे खरे. पण याच दोषाचा उपयोग करून घेणारी एक पद्धत १९९८ मध्ये नासाचे जेरल्ड झीमके आणि सहकारी यांनी मांडली. उष्ण कटिबंधातील गडगडाटी ढगांचे माथे तपांबराच्या वरच्या सीमेजवळ पोहोचतात. अशा ढगावरून पाहताना उपग्रहाला जवळजवळ फक्त स्थितांबरातला ओझोन दिसतो. निरभ्र जागेवरच्या एकूण ओझोनमधून तो वजा केला की तपांबराचा स्तंभ मिळतो, आणि दुसऱ्या उपकरणाची गरजच उरत नाही.

यात एक अट आहे. ढग एकीकडे आणि निरभ्र जागा दुसरीकडे असल्याने, दोन्हींच्या वरचा स्थितांबरातील ओझोन सारखा मानावा लागतो. विषुववृत्ताजवळ पूर्व-पश्चिम दिशेने तो खरोखरच फारसा बदलत नाही. उत्तरेकडे सरकू तसे हे गृहीतक ढिले पडते. म्हणूनच ट्रोपोमीचा या पद्धतीने काढलेला नेहमीचा नकाशा २० अंश दक्षिण ते २० अंश उत्तर एवढ्याच पट्ट्याचा असतो. मुंबई आणि पुणे त्यात येतात, २२.३ अंशांवरचे बडोदे थोडक्यात बाहेर राहते. आपल्यासाठी ऑराची वजाबाकी किंवा थेट उलगडा हेच मार्ग उरतात, आणि पावसाळ्यात त्यांनाही निरभ्र फटी शोधाव्या लागतात. सुदैवाने त्या महिन्यांत समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा आणि कमी ऊन यांमुळे पश्चिम भारतात जमिनीलगतचा ओझोन वर्षातील नीचांकाजवळ असतो, त्यामुळे मोजणी विरळ झाली तरी तिची निकड तेव्हा सर्वांत कमी असते.

प्रश्न : भारताचा असा उपग्रह आहे का? आणि उपग्रहाचे आकडे बरोबर आहेत की नाहीत हे कोण तपासते? (एक वाचिका, अलकापुरी)

उत्तर : २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी आणि २०१६ चा इन्सॅट-३डीआर यांच्यावरील अवरक्त उपकरणांत ओझोनचा पट्टा आहे, आणि त्यावरून एकूण ओझोन काढला जातो, तपांबराचा वेगळा नव्हे. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये भूस्थिर कक्षेत ठेवलेले जेम्स हे उपकरण आशियावरील हवा दिवसातून अनेकदा पाहते, पण त्याचा रोख पूर्व आशियावर असून भारत त्याच्या पश्चिम कडेला येतो.

तपासणीचे काम फुगे करतात. भारतीय हवामान विभाग दिल्ली, पुणे आणि तिरुवनंतपुरम येथून ओझोनमापक जोडलेले फुगे सोडतो. त्या मापकात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण असलेला एक लहान कप असतो. छोटा पंप बाहेरची हवा त्यात बुडबुडवतो, ओझोन आयोडीन मोकळे करतो आणि त्यामुळे मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाहावरून ओझोन कळतो आणि रेडिओवरून तो आकडा खाली येतो. फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो. म्हणजे उपग्रहाला जो पहिला किलोमीटर नीट दिसत नाही, तो फुगा तीन-साडेतीन मिनिटांत मोजून पार करतो आणि पुढे तीसेक किलोमीटरपर्यंत जातो.

आपल्या शेजारच्या अहमदाबादचाही या कामात मोठा वाटा आहे. तिथल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे ओझोनचे जाणकार होते आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही भूषवले. सूर्य क्षितिजाकडे उतरत असताना माथ्यावरच्या आकाशातील दोन अतिनील तरंगलांब्यांच्या उजेडाचे गुणोत्तर वाढत जाते आणि एका टप्प्यावर उलट फिरते. जमिनीवर बसूनच या उलटण्यावरून ओझोनची उंचीनुसार वाटणी काढण्याच्या पद्धतीवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद व माउंट अबू येथे काम केले. तरंगलांबीनुसार प्रकाश किती खोल जातो, हेच तत्त्व पुढे वरून पाहणाऱ्या उपग्रहांनी वापरले.

बडोद्यापुरते विचाराल, तर पुणे आणि दिल्ली दोन्ही दूर आहेत आणि फुगे रोज सुटत नाहीत. रोजचा आकडा हवा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जमिनीवरील स्वयंचलित केंद्राचाच पाहावा. त्यातील यंत्र हवा एका नळीत ओढते, पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश तिच्यातून सोडते आणि तो किती घटला त्यावरून ओझोन सांगते. मध्ये ना स्थितांबर येते, ना गृहीतक. तो आकडा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पाहावा, कारण ओझोन तेव्हा सर्वाधिक असतो, आणि एका तासाच्या सरासरीची तुलना आठ तासांच्या १०० च्या मर्यादेशी न करता तासाच्या मानकाशी, म्हणजे घनमीटरला १८० मायक्रोग्रॅमशी करावी.